आधी मूल, मग यंत्र

१९८४ साली केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. स्मृती अवघी ३२ किलोबाइट! शिक्षकांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण मिळाले. पण संगणक बहुधा वेगळा विषयच राहिला, गणित-भूगोलाच्या तासात फारसा उतरला नाही. पुढे २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि माहिती तंत्रज्ञानाची चिकित्सक समज हा भावी शिक्षकाच्या अभ्यासाचा भाग ठरला.

चिकित्सक म्हणजे काय, ते सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीत दिसले. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड. रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी ती शिकून घेतली, पुस्तके त्या भाषेत आणली, मग क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. मूल कुठे अडते, हे ओळखणाऱ्याच्याच हाती यंत्र शोभते.