पेजमेकरसाठी राखलेला संगणक

फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादच्या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली आणि शहर छत्रपती संभाजीनगर झाले. आता लेटरहेड, पावतीपुस्तके, निमंत्रणपत्रिका यांवरचा पत्ता बदलायचा होता. काम एका शब्दाचे. पण मूळ फाइल पेजमेकरमधली निघाली, की आधी पेजमेकर चालणारा संगणक लागायचा. डीटीपीच्या धंद्यात विंडोज एक्सपीचा एखादा संगणक कोपऱ्यात अजून राखून ठेवलेला असतो, तो याचसाठी.

‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती १९८२ मध्ये निघाली, तेव्हा लहान छापखान्यांत कंपोझिटर खिळेच जुळवत होते. नव्वदच्या दशकात संगणकाने त्यांची जागा घेतली. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सीडॅकचे आयएसएम, तर पानमांडणीला पेजमेकर. ते १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीने काढले आणि १९९४ मध्ये ती कंपनीच अडोबीने घेतली. मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दिलेल्यांना टाइपरायटरचाच कळफलक संगणकावर मिळाला, त्यामुळे ऑपरेटर तयार व्हायला वेळ लागला नाही.

पुढच्या अडचणींचे मूळ फॉन्टमध्ये होते. हे फॉन्ट आठ बिटांचे, म्हणजे फार तर २५६ जागांचे. अक्षरे, अर्धी अक्षरे, काने-मात्रा यांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले. श्रीलिपीच्या श्री-देव-०७१४ मधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की समोर रोमन अक्षरांचा चिवडा. सीडॅकच्या सुरेख, योगेश या फॉन्टांची मांडणी आणखी निराळी. त्यात चोरी रोखण्यासाठी सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचे छोटे उपकरण, जोडलेले. सुरुवातीला ते प्रिंटरच्या पोर्टला लावत. मजकुराला फॉन्ट हवा, फॉन्टच्या कळफलकाला सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअरला डोंगल आणि डोंगलला ठरावीक विंडोज. त्यामुळे विंडोज बदलले की लिहून ठेवलेला मजकूरच हातचा जाण्याची वेळ यायची.

एक्सपीपर्यंत निभावले. २००७ मध्ये व्हिस्टा आले आणि प्रोग्रॅमला स्वतःच्या फोल्डरातही परवानगीशिवाय लिहिता येईना. पेजमेकरवर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायची सवय तेव्हापासूनची. ६४ बिटच्या विंडोजने मोठा धक्का दिला. १६ बिटचे प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत, आणि त्या काळच्या अनेक सॉफ्टवेअरचे नुसते इन्स्टॉलरही १६ बिटचे होते. डिजिटल स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर ६४ बिटचे विंडोज स्वीकारत नाही, म्हणून जुनी डोंगले अडली. विंडोज ७ प्रोफेशनलमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सपी मोड’ देऊ केला, म्हणजे नव्या विंडोजच्या पोटात जुने विंडोज. पण नव्या संगणकांना प्रिंटरचा तो जुना पोर्टच नसेल, तर डोंगल लावायचे कुठे?

अडोबीनेही दार हळूहळू लोटत नेले. पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती २००१ ची. २००४ मध्ये कंपनीने पुढचे काम थांबवले. जुन्या फाइल अडोबीच्याच इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत, पण २०१२ च्या सीएस६ पर्यंतच. २०१३ च्या सीसीपासून ती सोय गेली. एक्सपीला मिळणारी सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली, म्हणून असा संगणक इंटरनेटला न जोडणे शहाणपणाचे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, मराठीसाठी विंडोज २००० पासूनच उपलब्ध होती. पेजमेकरने मात्र युनिकोड कधी घेतलेच नाही. शिवाय जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणे म्हणजे नुसती अक्षरांची अदलाबदल नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि तशीच साठवली जाते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे उलटे: तिकडे तो अक्षरानंतर, इकडे आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला हा क्रम फिरवावा लागतो. जोडाक्षर लांबले किंवा ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’सारखा शब्द आला, की चुकण्याची शक्यता वाढते.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्ती निघालेलीच नाही, म्हणजे १६ बिटच्या प्रोग्रॅमना तिथे जागा नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची, तर प्रकाशकापुढे दोन वाटा उरतात: पुस्तक पुन्हा टाइप करून घ्यायचे किंवा फाइलचे रूपांतर करायचे. दोन्ही वाटांवर मुद्रितशोधकाचा खर्च धरावाच लागतो.