तडा आधीचा की नंतरचा?

शेजारी खोदकाम सुरू झालं की घरमालक भिंतीतला तडा दाखवतो. कंत्राटदार म्हणतो, "तो आधीपासूनच होता." खरं कोण, हे आधीची नोंदच सांगू शकते.

लंडनच्या बिग बेनचा मनोरा घ्या. 1970च्या दशकात त्याच्या शेजारी संसदेचा भूमिगत वाहनतळ खणला गेला, तेव्हा जॉन बरलंड यांनी जमिनीची हालचाल अभ्यासली. 1990च्या दशकात ज्युबिली लाइनचे बोगदे आणि वेस्टमिन्स्टरचं खोल स्टेशन आलं, तेव्हाही ते या कामात होते. बोगदे खणण्याआधी मार्गावरच्या इमारतींचे तडे नोंदवले गेले, मोजमापं घेतली गेली. ऊन-थंडीने मनोरा तसाही थोडा हलतोच. ही नेहमीची हालचाल माहीत असली, तरच खोदकामाचा वाटा वेगळा काढता येतो. झुकाव वाढू लागला तसं पायाखालच्या मातीत सिमेंटचं मिश्रण दाबून भरलं आणि तो आवरला.

पहिल्या वर्षी मी नमुने तापवण्याआधी त्यांची वजनं घ्यायला विसरले होते. तीन महिन्यांचं काम वाया गेलं. म्हणून सांगते, 'आधी काय होतं' हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. ही नोंद नंतर घेता येत नाही.