पदरमोडीची पुस्तके

जव्हारजवळ शिरपामाळ आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. तिकडे जाताना त्यांचा मुक्काम या माळावर पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे त्यांना इथे भेटले. त्या भेटीतल्या मानाच्या शिरपेचावरून माळाला हे नाव पडले, असे इथली माणसे सांगतात. आज माळावर त्या भेटीचे स्मारक आहे.

सुरतेच्या स्वारीच्या इतिहासात हा मुक्काम एखाद-दुसऱ्या ओळीत आटोपतो. गावच्या आठवणीत तो याहून मोठा असतो. पण ती आठवण लिहायची कोणी, आणि लिहिली तर छापायची कोणी? जव्हार-मोखाड्यातला एखादा शिक्षक लिहायला बसला, तरी पुण्या-मुंबईचा प्रकाशक विचारणार, 'हे विकत कोण घेईल?' प्रश्न रास्त आहे, त्याचे घर त्यावर चालते. मग उरते ती पदरमोड.

पदरमोड करून काढलेल्या पुस्तकाला आपण जरा कमी लेखतो. 'कोणी घेतले नाही म्हणून स्वतःच छापले,' असा टोमणा त्यात असतो. मराठी पुस्तकांचा इतिहास पाहिला तर या टोमण्यातली हवा निघून जाते.

१८५५ साली अठ्ठावीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून यायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. जोतीरावांची पुस्तके छापून येऊ लागली ती १८६९ मध्ये, आणि त्यांत एक होता छत्रपती शिवाजीराजांचा पोवाडा. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी शाळा चालवल्या, ठेकेदारी केली, पण कमिटीच्या पसंतीसाठी लेखणी वाकवली नाही. हा पोवाडा कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून सोप्या भाषेत लिहिला, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. वाचक कोण हे आधी ठरले आणि भाषा त्यामागून आली. बक्षिसावर नजर ठेवून लिहिणाऱ्याला हे स्वातंत्र्य मिळत नाही.

दुसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच बोल लावणे सुरू झाले. ते वाचून संतापलेल्या ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले आणि १८८२ मध्ये ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. हे त्यांचे पहिले पुस्तक आणि शेवटचेही. १८८५ मध्ये जोतीरावांनी 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. पुढे ते विस्मरणात गेले. डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले. मधे त्र्याण्णव वर्षे गेली होती. त्या पाचशे प्रतींतली एखादी कुठेतरी टिकली, म्हणून आज आपण ताराबाईंचे नाव घेतो.

प्रती टिकण्यात आणि नोंद राहण्यात १८६७ च्या एका कायद्याचाही हात होता. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारात जमा करावी लागे आणि त्याची नोंद होई. पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, छापणाऱ्याचे नाव, पाने, आकार, आवृत्ती, प्रती किती, किंमत काय आणि हक्क कोणाचा, असे रकाने होते. इंग्रज सरकारला लोकांच्या लिहिण्यावर नजर ठेवायची होती. त्या पहाऱ्याच्या वहीत ज्यांना कोणी विचारत नव्हते अशा लेखकांची नावेही कायमची लिहिली गेली.

माझा पहिला कवितासंग्रह मीही पदरमोड करूनच काढला. पाच फर्मे, म्हणजे ऐंशी पाने. प्रती पाचशे. कर्ज पतपेढीचे. जुळणी झाली, मुद्रिते तपासली आणि त्यात कळले, की आपल्याच ओळी वाचताना डोळा अर्थ वाचतो, अक्षर वाचत नाही. मुद्रिते दुसऱ्यानेच तपासावीत. पुढे एका विक्रेत्याने शंभर प्रती नेल्या. पैसे आले नाहीत आणि प्रतीही आल्या नाहीत. बरेच दिवस गठ्ठे पलंगाखाली होते आणि घरातली मंडळी त्यांना 'बाबांची शेती' म्हणत. पण ज्यांच्या हातात मी स्वतः प्रत ठेवली, त्यांतल्या पुष्कळांनी ती वाचली. कोणी पोस्टकार्ड पाठवले, कोणी भांडायला आले. पाचशेंचा हिशेब तोट्याचाच झाला. त्या पत्रांचा हिशेब मात्र अजून फिटलेला नाही.

आज काम थोडे सोपे झाले आहे. संगणकावरून पन्नास प्रतीही छापून मिळतात, पाचशेंचे ओझे घ्यावे लागत नाही. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिच्याकडे जरूर अर्ज करावा. १८६७ चा कायदा २०२४ मध्ये गेला आणि नव्या कायद्यात पुस्तकांची नोंद नाही. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा मात्र आहे. त्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतले मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्लीची पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारा लेखक हाच प्रकाशक. पुष्कळांना हे माहीत नसते, आणि ज्यांना असते ते टपालखर्चाकडे पाहून टाळतात. सगळी पदरमोड केल्यावर एवढा खर्च चुकवू नये.

वारली, कातकरी, महादेव कोळी, ठाकर, कोकणा अशा कितीतरी जमातींची बोली आणि आठवण या डोंगरांत तोंडी नांदते आहे. ती ज्यांना पाठ आहे, त्यांची वये झाली आहेत. कोणी शिरपामाळावर लिहिलेच, तर पन्नास प्रती पुरेत. चार त्या ग्रंथालयांना, एक जव्हारच्या वाचनालयाला, एक गावच्या शाळेला. उरलेल्या विकाव्यात किंवा वाटाव्यात. ताराबाईंच्या पुस्तकाला त्र्याण्णव वर्षांनी वाचक मिळाले. तेवढी वाट पाहायला निदान एक प्रत शाबूत हवी.