गव्हाचे वावडे

पालघरहून समुद्राच्या दिशेने निघाले म्हणजे शिरगावचा किल्ला लागतो. पोर्तुगीजांच्या या किल्ल्यावर १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, मराठ्यांचे निशाण लागले. त्याच वर्षी माहीम, तारापूर आणि शेवटी वसई ही ठाणी पडली व या पट्टीवरचा पोर्तुगीज अंमल संपला. ठाणी घेतली, तोफा घेतल्या. परंतु पोर्तुगीजांची एक चीज मात्र येथे राहिली, आणि ती घालवावी असे कोणाच्या मनातही आले नाही. ती चीज म्हणजे पाव. शब्दही त्यांचाच. भातखाऊ किनाऱ्यावर गव्हाने केलेला हा पहिला मोठा शिरकाव म्हणता येईल. आज सकाळच्या चहाबरोबर पाव नाही असे घर या बाजूला शोधावे लागेल.

श्रोतेहो, हा पाव, ही पोळी ज्याच्या पोटात जाताच घात करते, अशा माणसाविषयी आज बोलावयाचे आहे. त्याच्या रोगास सीलिअक रोग म्हणतात. मराठीत त्यास रूढ नाव नाही, म्हणून मी ‘गव्हाचे वावडे’ म्हणतो. मात्र अंगावर पित्त उठून दोन दिवसांत मावळते, तसले हे वावडे नव्हे. ते जन्मभराचे असते.

गव्हात ग्लूटेन नावाचे एक चिवट प्रथिन असते. ते पाहावयास प्रयोगशाळा नको. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळीत राहावे. पांढरे सत्त्व धुऊन जाते आणि हातात रबरासारखा एक गोळा उरतो. तेच ग्लूटेन. बोलोन्याच्या बेकारी नावाच्या पंडिताने अठराव्या शतकात नेमके हेच केले आणि १७४५ साली ते छापून प्रसिद्ध झाले. पोळी न फाटता लाटता येते, पाव फुगून तसाच राहतो, तो याच्या जोरावर. सातूत आणि राय नावाच्या युरोपी धान्यात याचेच भाऊबंद असतात. काही माणसांच्या बाबतीत असे होते की, शरीराची संरक्षक यंत्रणा या प्रथिनावर उठते आणि त्या हल्ल्यात स्वतःच्याच आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करते. लहान आतड्यात आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यातूनच. ते झिजून सपाट झाले म्हणजे खाल्लेले अंगी लागत नाही. मूल वाळते, हातपाय काड्या आणि पोट नगारा, जुलाब थांबत नाहीत, उंची खुंटते. मोठ्या माणसात तर पोटाची तक्रार नसतेही. वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊन न हटणारा पांडुरोग, ठिसूळ हाडे, एवढेच दिसते.

आपल्या वैद्यकात ग्रहणी या व्याधीचे वर्णन आहे आणि चरकाने तीवर ताकाची थोरवी सांगितली आहे. ग्रहणी म्हणजेच सीलिअक असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा हे बरे; त्या एका नावाखाली आतड्याची अनेक दुखणी येतात. ग्रीक वैद्य अरेटिअस याने दुसऱ्या शतकाच्या सुमारास ‘कोइलिआकोस’, म्हणजे पोटाचे रोगी, असे म्हणून अन्न न पचता बाहेर टाकणाऱ्या माणसांचे वर्णन केले. सीलिअक हा शब्द तेथून आला.

खरी कहाणी सुरू होते लंडनमध्ये. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी सॅम्युअल गी या डॉक्टरने तेथील मुलांच्या इस्पितळात या रोगावर व्याख्यान दिले. पुढील वर्षी ते छापले गेले. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हा रोग विशेष दिसतो, आणि तो बरा व्हावयाचाच असेल तर पथ्यानेच होईल, असे त्याने सांगितले. एका मुलाला रोज हॉलंडचे शिंपले खाऊ घातले तेव्हा ते विलक्षण सुधारले. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि रोग उलटला, हेही त्याने नोंदवून ठेवले. इतका डोळस माणूस! परंतु त्याच्या पथ्याच्या यादीत काय आहे पाहा. भात वर्ज्य, साबुदाणा वर्ज्य. आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी चांगला भाजलेला पाव मात्र चालेल. म्हणजे चोर घरात आणि संन्यासी सुळावर! गुन्हा पिष्टमय अन्नाचा आहे अशी समजूत होती, आणि त्या समजुतीखाली तांदूळ साठ वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास याने केळ्यांचे पथ्य काढले. पाव, बटाटे, धान्ये सारी बंद, केळी भरपूर. मुले सुधारली, वसईच्या सुकेळ्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपणांस हे ऐकून बरे वाटेल, पण श्रेय केळ्याचे नव्हते. केळ्याने पावाची जागा घेतली, हे त्यातले मर्म होते.

ते मर्म हाती लागले हेग शहरातील बालरुग्णालयाच्या विलेम डिके या डॉक्टराला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी वेढलेल्या हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले, आणि सीलिअकची मुले तेवढी बरी दिसू लागली. तेव्हा डिकेच्या डोक्यात प्रकाश पडला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट सुरेख आहे, परंतु अर्धीच खरी. पाव वगळलेल्या आहाराविषयी डिकेने १९४१ सालीच लिहिले होते. त्या भीषण हिवाळ्याने त्याच्या संशयास पुष्टी दिली, एवढेच. युद्धानंतर त्याने मुलांना काही काळ गहू, काही काळ तांदूळ वा मका अशी पाळीपाळीने धान्ये दिली. व्हान दे कामर आणि वाइयर्स या सहकाऱ्यांनी शौचातून वाया जाणारा स्निग्धांश मोजला. गहू दिला की तो वाढे, तांदूळ दिला की वाढत नसे. १९५० च्या प्रबंधात हे सर्व मांडले गेले. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी गव्हाचे सत्त्व आणि ग्लूटेन वेगवेगळे करून दिले. सत्त्व सोसले, ग्लूटेन बाधले. कणीक धुण्याचा तो जुना प्रयोगच येथे निवाड्याच्या कामी आला, आणि तांदूळ निर्दोष सुटला.

आता आपल्याकडे येऊ. दिल्लीच्या डॉक्टरांनी उत्तर भारतीय मुलांतील या रोगाविषयी १९६६ साली लिहिले. तरी पुष्कळ वर्षे ‘हा गोऱ्यांचा रोग’ ही समजूत टिकली. ती गेली तेव्हा ‘हा पंजाब्यांचा रोग’ ही समजूत आली. दिल्ली परिसरातील २०११ च्या पाहणीत शहाण्णव माणसांत एक असे प्रमाण निघाले. २०१६ साली उत्तर, ईशान्य व दक्षिण भारतातील २३,३३१ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्तरेस शंभरात १.२३, ईशान्येस ०.८७ आणि दक्षिणेस अवघे ०.१० असे प्रमाण आढळले. रोगाला लागणारी आनुवंशिक पार्श्वभूमी मात्र तिन्हीकडे जवळपास सारखी होती! फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५. या पाहणीत पश्चिम भारत नाही. गहू आणि तांदूळ यांची शीव आपल्याच मुलखातून जाते, म्हणून मला हे आकडे महत्त्वाचे वाटतात.

कारण ती शीव सरकते आहे. आपल्या पणज्यांच्या घरी गव्हाची पोळी सणाला. एरवी भात आणि तांदळाची भाकरी, डोंगरपट्टीत नागली आणि वरी. १९४३ साली मुंबईत शिधावाटप आले आणि भातखाऊंच्या हातात गहू पडला. १९५६ च्या करारानंतर अमेरिकन गहू बोटी भरभरून येऊ लागला. पुढे हरितक्रांतीने तो घरचाच झाला. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, कारखाने आले, आणि बोईसरला हिंदुस्थानच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे राहू लागली. पोळी रोजची झाली, बिस्किट बाळाच्या हाती आले. याला मी वाईट म्हणत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णवांना गहू उत्तमच. प्रश्न त्या उरलेल्या एकाचा आहे, आणि तो एक आपल्या बाजूच्या डॉक्टराला सुचेलच असे नाही.

रोगावर औषध नाही. पथ्य हेच औषध. या बाबतीत कोकणची सुगृहिणी निम्मी लढाई जिंकूनच बसलेली असते. भात, भाकरी, घावन, पानगी, पातोळ्या, उकडीचे मोदक, अनारसे यांत गव्हाचा कण नाही. उपासाचा डबा तर वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांनी भरलेला! ज्वारी, बाजरी, नाचणी आहेतच. अमेरिकेतील रोग्याला जे पाकिटे फोडून आणावे लागते, ते येथे आजीच्या हाताला ठाऊक आहे.

उरलेली लढाई मात्र कणांशी आहे. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेनही पुढे आतड्यास बाधते, म्हणजे पावाच्या चकतीचा चाळिसावा हिस्सा. बाजारच्या खड्या नसलेल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीतही पुष्कळ घरी मूठभर गहू पडतो. चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया गव्हाच्या चिकाच्याच. सातपाटीची पापलेटे निर्धोक. पण ती रव्यात घोळवून तळली की संपले, तांदळाच्या पिठात घोळवावी. आणि सर्वांत फसवी जागा म्हणजे गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू पाळ्यांत राहिलेला असतो, तो आपल्या ज्वारीत उतरतो. घरघंटी किंवा माळ्यावरचे जाते, हाच उपाय. पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहावयाचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडे नियम आहे. गिरणीला असा नियम नाही.

याहून कठीण भाग माणसांचा. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. ‘देवाचा प्रसाद, चिमूटभराने काय होते’ असे म्हणणारी आत्या प्रत्येक घरात असते, आणि तिचे प्रेम खोटे नसते. वसई-पालघरच्या कॅथलिक बांधवांपुढेही हाच पेच आहे. मिस्सेतील भाकर गव्हाचीच हवी, अगदी अल्प ग्लूटेनची चालेल, असे रोमने २००३ साली कळविले आणि २०१७ साली पुन्हा बजावले. आपल्याकडे असे बजावणारे पीठ नाही, ही मला सोय वाटते. तांदळाच्या रव्याचा शिरा करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. गरीब घराची अडचण वेगळी: शिधापत्रिकेवरचा गव्हाचा वाटा त्या मुलाच्या उपयोगाचा नाही, आणि बदल्यात घेतलेली ज्वारी पदरच्या पैशाची.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे ऐकून कोणी उद्यापासून गहू सोडील, तर तसे करू नये. गहू खाण्यात असतानाच रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहणी व्हावयास हवी. आधीच पथ्य धरले तर आतडे भरून येते आणि रोग असूनही सापडत नाही. निदान ठरल्यावर आईबाप व भावंडे यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी, त्यांची काही तक्रार असो वा नसो. इतक्या जवळच्या नात्यात दहांपैकी एकाला तरी हा रोग निघण्याचा संभव असतो.