हुकूम आणि अंमल

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, लीलंड स्टॅनफर्ड या रेल्वेसम्राटाच्या अश्वशाळेत, १८७८ च्या जून महिन्यात एडवर्ड मायब्रिज याने भरधाव घोडीची जी छायाचित्रे घेतली, त्यांची कीर्ती घोडीचे चारही पाय एका क्षणी भूमीपासून सुटतात या निर्णयामुळे दिगंत पसरली. परंतु त्या प्रयोगात मला अधिक मोलाची वाटते ती गोष्ट ही की, कॅमेऱ्याचा पडदा उघडण्याचा अधिकार तेथे मनुष्याच्या बोटाकडून काढून घेऊन खुद्द घोडीकडे सोपवला होता. धावपट्टीच्या कडेला २७-२७ इंचांवर १२ कॅमेरे मांडलेले. प्रत्येकापासून एकेक दोरा आडवा ताणलेला. घोडीने दोरा ओढला की विद्युन्मंडल पूर्ण होई, विद्युच्चुंबक खिटी सोडी आणि रबराच्या ताणाने दोन फळ्या परस्परांसमोरून सरकून जात. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग, आणि प्रत्येक चित्राला प्रकाश मिळे तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी.

पण दोरा ताणला जाणे हा हुकूम, आणि पडदा उघडणे हा त्याचा अंमल. या दोहोंमधील अवधी बाराही कॅमेऱ्यांत तंतोतंत सारखा राहील, याची हमी कोणी द्यावी? मायब्रिजने पुढे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात काम केले तेव्हा सेकंदाला १०० कंपने करणाऱ्या नादकाट्याच्या साह्याने फिरत्या नळकांड्यावर पडदे उघडण्याच्या कालांतरांची नोंद ठेवण्याची तजवीज केली. हुकुमावर विसंबून न राहता अंमलाची खातरजमा करण्याची ही वृत्ती मला फार थोर वाटते.

आजच्या कारखान्यातील डिजिटल कॅमेऱ्यापुढेही हाच प्रश्न उभा आहे. पट्ट्यावरून येणारी बाटली प्रकाशकिरण अडवते, तो संकेत विद्युत्पृथक्करणाच्या टप्प्यातून कॅमेऱ्यात शिरतो, आणि कॅमेऱ्याचे अंतर्गत घड्याळ आपल्या पुढच्या ठोक्यालाच त्याची दखल घेते. विलंब नियत असेल तर तो हिशेबातून वजा करता येतो. खरी पंचाईत होते ती दर खेपेस बदलणाऱ्या विलंबाने. काही कॅमेऱ्यांत मागील चित्राची ओळीमागून ओळ वाचणे चालू असता नवा संकेत आला, तर चालू ओळ संपेपर्यंत त्यास तिष्ठावे लागते, आणि घड्याळाच्या एका ठोक्याएवढी असणारी अनिश्चितता एका ओळीच्या वाचनकाळाएवढी वाढते. हा काळ ५० मायक्रोसेकंद धरला आणि पट्टा सेकंदाला २ मीटर धावत असला, तर बाटली चित्रात एक दशांश मिलीमीटर पुढेमागे दिसणार. बाटलीवरचे नाव वाचण्यास एवढी तफावत चालून जाईल, परंतु जेथे चित्रावरूनच वस्तूची जागा मोजायची असते तेथे ती मुळीच खपत नाही. म्हणून जाणते अभियंते प्रकाशपात प्रत्यक्ष सुरू होताच कॅमेऱ्याने बाहेर धाडलेला संकेत घेऊन त्याच क्षणी पट्ट्याच्या स्थानदर्शकाचा आकडा टिपून ठेवतात, आणि मोजमापाचा हिशेब त्या आकड्यावरून मांडतात.