चित्रकलेच्या तासाची बगदादहून आलेली वाट

२ मार्च १८५७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा एक वर्ग भरला. सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची ती सुरुवात. पुढे १८९३ मध्ये तिथे ड्रॉइंग शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला. आज माध्यमिक शाळेत आपली मुलं देतात त्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचं घराणं हेच.

म्हणून हा विषय ‘इंग्रजांनी आणलेला’ असं आपण सहज म्हणून टाकतो. आमच्या उर्दू शाळांत त्यावर आणखी एक वाक्य जोडलं जातं : “सर, आपल्यात तस्वीर चालत नाही.” परीक्षेचे फॉर्म आले की काही नावं गळतात, आणि गळणाऱ्यांत मुली जास्त असतात. तस्वीर जायज की नाजायज हे सांगायला मी काही मुफ्ती नाही. उलेमांमध्येही त्यावर एकमत नाही. पण एलिमेंटरीचे पेपर तरी पाहा : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन. माणसं काढावी लागतात ती मुख्यतः स्मरणचित्रात. बाकीच्यात घडा, फळं, फुलं-पानं, वर्तुळं, अक्षरं. एका पेपरातल्या आक्षेपापायी सगळा विषय सोडून देताना आपण नेमकं काय सोडतो, हे पाहायला हवं.

कर्तव्य भूमितीपासूनच सुरू करतो. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल-बुजजानी नावाचा मोठा गणिती होऊन गेला. कारागिराला भूमितीतलं काय काय लागतं, या विषयावर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यात भूमितीतज्ज्ञ आणि कारागीर यांच्या एका बैठकीची हकीकत आहे. प्रश्न असा, की तीन सारख्या चौरसांचा मिळून एक मोठा चौरस कसा करायचा? कारागीर तुकडे कापून अंदाजाने जुळवत होते. डोळ्याला ते बरोबर दिसे, पण मापात चुकलेलं असे. भूमितीतज्ज्ञांना सिद्धता येत होती, पण करवत कुठे चालवायची ते सांगता येत नव्हतं. अबुल वफाने दोघांच्याही चुका दाखवल्या आणि तोड काढली. एक चौरस मध्ये अखंड ठेवा. बाकीचे दोन कर्णावर कापून चार त्रिकोण करा. प्रत्येकाचा कर्ण मधल्या चौरसाच्या एकेका बाजूला, कोपऱ्यापासून पुढे एकाच दिशेने, भिडवा. मग त्या चौघांची बाहेरची काटकोनी टोकं रेषेने जोडा. रेषेबाहेर उरलेले तुकडे आतल्या रिकाम्या जागांत नेमके बसतात. रंगीत कागद आणि कात्री घेऊन हे आठवीच्या वर्गात करून बघा. गणिताच्या शिक्षकांनाही बोलवा.

अक्षरलेखनाचं तसंच. इब्न मुक्ला हा अब्बासी दरबारातला वजीर. कलमाच्या टोकाने पडणारा नुक्ता हे माप धरून त्याने अरबी अक्षरांना प्रमाण घालून दिलं; अलिफची लांबी हा वर्तुळाचा व्यास, आणि इतर अक्षरं त्या वर्तुळाच्या हिशेबाने. दरबारी राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला. तो ९४० मध्ये वारला, आणि त्याच वर्षी अबुल वफाचा जन्म झाला. तख्तीवर कलमाने लिहायला शिकलेल्या आमच्या पिढीला नुक्त्याचं हे माप हाताने ठाऊक होतं. बॉलपेनने ते घालवलं.

आता संकल्पचित्र. १८३४ मध्ये ओवेन जोन्स नावाचा तरुण इंग्रज वास्तुविशारद स्पेनमधल्या ग्रॅनडाला गेला. तिथल्या मुस्लिम सुलतानांच्या अलहंब्रा महालातली नक्षी त्याने मित्रासोबत मोजली, उतरवून घेतली. मित्र तिथेच कॉलऱ्याने गेला. जोन्सने काम पुढे नेलं, आणि १८५६ मध्ये ‘ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ हा ग्रंथ काढला. त्यात अरबी, तुर्की, इराणी, भारतीय नक्षीची पानंच्या पानं आहेत आणि सुरुवातीला अलंकरणाचे ३७ नियम. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये कलाशिक्षणाची जी सरकारी पद्धत घडली, तिच्यावर जोन्सची मोठी छाप होती. जे. जे.त शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघेही साउथ केन्सिंग्टनशी जोडलेले. म्हणजे ग्रॅनडाहून लंडन, लंडनहून मुंबई.

ही पद्धत फार चांगली होती असं मात्र नाही. ठरलेल्या पायऱ्या, छापील नमुन्यांची नक्कल, सफाईला गुण. तिचं रूक्षपण आजही टिकून आहे. परीक्षेच्या आधी महिनाभर तीच तीन-चार संकल्पचित्रं घोटून घेतली जातात. चौकटीत पाकळ्या का बसतात, हे कोणी विचारत नाही.

मी ड्रॉइंगचा शिक्षक नाही, भाषेचा आहे. पण ऑफ तास मिळाला की खडू आणि सुतळी घेऊन मुलांना पटांगणात नेतो. एक वर्तुळ, त्यात एक चौरस, मग तेवढाच दुसरा चौरस पंचेचाळीस अंशांत फिरवून. आठ टोकांचा तारा होतो, मध्ये अष्टकोन उरतो. मग विजापूरच्या गोल घुमटाच्या आतल्या बाजूचा फोटो दाखवतो. १६५६ मध्ये पुरा झालेला तो प्रचंड घुमट खालच्या चौकोनी भिंतींवर ज्या कमानींनी तोलला आहे, त्या अशाच एकमेकींत गुंतलेल्या दोन चौरसांवर आखलेल्या आहेत. मागच्या वेळी एका मुलीने फोटो उलटा धरला, सुलटा धरला, आणि जमिनीवरच्या ताऱ्यात उभी राहून मान वर केली.