ग्लोव्हज काढणारा गोलकीपर

परवा भाच्याला रिकार्डोची गोष्ट सांगत होतो. माझी आवडती, घरातल्या सगळ्यांनी दहादा ऐकलेली.

२५ जून २००४. पहाटेचे तीन वाजत आलेले, घर झोपलेलं, टीव्हीचा आवाज अगदी बारीक. लिस्बनला युरो कपची क्वार्टर फायनल, पोर्तुगाल विरुद्ध इंग्लंड. जादा वेळेनंतरही २-२. मग पेनल्टी. बेकहॅमने पहिलीच बारवरून घालवली, पुढे पोर्तुगालच्या रुई कोस्तानेही तेच केलं. सहा-सहा फटके झाले तरी ५-५.

सातव्या फटक्याला इंग्लंडचा व्हॅसल आला. आणि रिकार्डोने काय करावं? ग्लोव्हज काढून चक्क बाजूला टाकले! उघड्या हातांनी पेनल्टी अडवली. मग पुढची स्वतःच मारली. गोल! मी उशीत तोंड खुपसून ओरडलो.

शाळेत मीही गोलकीपर होतो (पळायला नको म्हणून!). त्यामुळे त्या क्षणी तो किती एकटा असेल, हे थोडंफार कळतं. त्यात त्याच्या जागेवरूनच वाद. महिन्याभरापूर्वीच, २६ मेला, पोर्टोने चॅम्पियन्स लीग जिंकली होती आणि त्यांचा गोलकीपर होता व्हितोर बाइया. कोच स्कोलारीने त्याला संघातच घेतलं नव्हतं. माँतिजोचा रिकार्डो २००१ साली बोआव्हिस्टाकडून लीग जिंकलेला, २००३ मध्ये स्पोर्टिंगला आलेला. खेळाडू चांगलाच, पण त्याने गोल खाल्ला की लोकांना बाइया आठवणार!

मी गोष्ट नेहमी इथेच संपवतो. पण भाच्याने विचारलं, "मामा, मग कप जिंकले का ते?"

नाही रे. दहाच दिवसांनी, ४ जुलैला, त्याच स्टेडियममध्ये फायनल. समोर ग्रीस. ५७व्या मिनिटाला कॉर्नर आला, रिकार्डो गोल सोडून पुढे आला, पण बॉलपर्यंत पोचला नाही. खारिस्टेआसचा हेडर. ०-१. घरच्या मैदानावर कप गेला.

२००६ च्या वर्ल्ड कपला पुन्हा इंग्लंड, पुन्हा पेनल्टी. लॅम्पार्ड, जेरार्ड, कॅरागर, तिघांच्या अडवल्या. वर्ल्ड कपच्या एका शूटआऊटमध्ये तीन पेनल्टी अडवणारा तो पहिलाच. या वेळी ग्लोव्हज घालून! आणि २००८ च्या युरोत जर्मनीविरुद्ध पुन्हा तसंच, गोल सोडून पुढे आला आणि बालाकने हेडर मारला. २-३. पोर्तुगालकडून तो त्याचा शेवटचा सामना.

म्हणजे हिंमत तीच. गोलरेषेवर उभा असला की ती तारायची, पुढे धावला की बुडवायची. आपण मात्र सोयीचा तेवढाच अर्धा भाग सांगत राहतो. मी तरी इतकी वर्षं तेच केलं.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फायनलला पण ग्लोव्हज काढायचे ना त्याने."

यावर काय बोलणार? असो.